फॉक्स हंटमध्ये अडते ते जादा सिग्नलमुळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या छंदावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याच्या खेळाला, म्हणजे फॉक्स हंटला, त्यात भरपूर जागा दिली याचा आनंद झाला. मात्र अँटेना जितकी मोठी आणि रिसीव्हर जितका संवेदनशील, तितका फॉक्स लवकर सापडतो, हे त्यातले विधान वाचून नवखा माणूस नेमक्या चुकीच्या वस्तू गोळा करील. या खेळात सिग्नल ऐकू येत नाही म्हणून हरणारे थोडे. तो सगळीकडून सारखाच जोरात येऊ लागतो तेव्हा हरणारे पुष्कळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

हिशेब साधा आहे. सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये मोजतात; मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की सिग्नल ६ डेसिबलने वाढतो, दहापट कमी झाले की २० डेसिबलने. म्हणजे फॉक्स १० किलोमीटरवर असताना आलेला सिग्नल आणि तो हातभर अंतरावर आल्यावरचा सिग्नल यांत ८० डेसिबलचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. हँडीवरच्या, म्हणजे हातात धरायच्या रेडिओवरच्या, मीटरचे सगळे दांडे बहुधा २०-३० डेसिबलमध्येच भरून जातात. त्यापुढे अँटेना कुठेही फिरवा, मीटर ढिम्म. त्यात एफएम रिसीव्हरचा लिमिटर सिग्नलची कमीजास्त ताकद पुसूनच टाकतो, त्यामुळे कानानेही काही कळत नाही. तेव्हा पहिली गरज सिग्नल कमी करण्याच्या सोयीची आणि दुसरी दिशा दाखवणाऱ्या अँटेनाची. अँटेनाचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, किती, हा प्रश्न फार मागचा.

अँटेनाही हलकी, झुडपातून नेता येणारी हवी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दोन मीटर बँडसाठी सुताराच्या स्टीलच्या मोजटेपेची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे दांडीवर आडव्या पट्ट्या बसवलेली आणि एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना, जगभर वापरली जाते. ती इतकी रुळण्याचे कारण एकच: टेप फांदीला अडकली तर वाकते आणि सुटली की पुन्हा सरळ होते. मापे अशी. टेप २५ मिलिमीटर रुंद. रिफ्लेक्टर (मागची पट्टी) १०५.१ सेंमी. ड्रिव्हन एलिमेंटचे (केबल जोडायच्या मधल्या पट्टीचे) दोन तुकडे, प्रत्येकी ४५.१ सेंमी, मध्ये २.५ सेंमी फट. डायरेक्टर (पुढची पट्टी) ८९.२ सेंमी. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन एलिमेंट अंतर २०.३ सेंमी, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३१.८ सेंमी. बूमला, म्हणजे मधल्या दांडीला, अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि त्याचेच टी व क्रॉस जोड. टेपा होज क्लिपांनी आवळायच्या. फटीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी हेअरपिन म्हणजे जाड तारेचा १२.७ सेंमी लांबीचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला तुकडा, दोन पायांत १.९ सेंमी अंतर. ५० ओहमची कोएक्स केबल तिथेच जोडायची: मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. ही मापे मुळात १४६.५ मेगाहर्ट्झच्या आसपासची आहेत. १४५ साठी सगळी एक टक्क्याने वाढवली तर उत्तम, पण टेप रुंद असल्याने बँड ऐसपैस मिळतो आणि न वाढवताही काम भागते.

करताना चुकते ते टेपेवरच्या रंगापाशी. रंग कानशीने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून चकचकीत पोलाद दिसल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरवर चिकटलेला सांधा पहिल्या धक्क्यात सुटतो आणि अँटेना 'बहिरी' होते. सोल्डरिंग टेप पाइपवर बसवण्याआधीच, मोठ्या वॉटेजच्या सोल्डरिंग आयर्नने उरकावे, नाहीतर पीव्हीसी वितळतो. टेपेची टोके गोल कापून त्यांवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत. कापलेले पोलाद ब्लेडइतके धारदार असते आणि सगळ्यांची नजर मीटरवर असताना ते शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरत असते.

केबलचे कोणी मनावर घेत नाही, पण अर्ध्या तक्रारी तिच्यामुळेच असतात. केबलच्या जाळीवर बाहेरून वाहणारा प्रवाह तिलाच अँटेना बनवतो आणि यागीचा मागचा नल, म्हणजे जिथे ऐकू येणे जवळजवळ बंद व्हायला हवे ती दिशा, भरून जातो. म्हणून जोडणीपाशीच केबलचे पाच-सहा वेढे गुंडाळून बूमला बांधावेत आणि पुढची केबल बूमलगतच मागे रिफ्लेक्टरच्या पलीकडे न्यावी. एलिमेंट उभी धरून केबल सरळ खाली लोंबत सोडली तर ती एलिमेंटला समांतर होते, आणि मग कितीही मोजून केलेली अँटेना वाटेल ती दिशा दाखवते. हे तपासायला सोपे आहे: अँटेना स्थिर ठेवून केबल हाताने हलवा. मीटर हलला तर दोष केबलचा.

लेखासोबतच्या छायाचित्रात अँटेना उलटी धरलेली आहे. सर्वांत आखूड एलिमेंट पुढे असते, सर्वांत लांब मागे. अर्थात छायाचित्रातला शोधक जाणता असेल तर त्याने ती मुद्दाम उलटी धरली असण्याचीही शक्यता आहे. यागीचे तोंड बोथट असते: पुढच्या दिशेपासून पंधरा-वीस अंश इकडे-तिकडे फिरवली तरी सिग्नल जेमतेम एका डेसिबलने उतरतो. मागचा नल त्यापेक्षा कितीतरी टोकदार असतो. सिग्नल दमदार असेल तर पाठीमागचा नल शोधून अँटेनाची पाठ ज्या दिशेला आहे तिकडे चालणे अधिक अचूक. सिग्नल कमजोर असेल तर नलमध्ये काहीच ऐकू येत नाही, तेव्हा पुढची बाजू वापरावी, पण 'सर्वांत जास्त कुठे' असे शोधू नये. डावीकडे फिरवत मीटरचा एक दांडा उतरेल ती दिशा लक्षात ठेवावी, उजवीकडे तसेच करावे आणि दोहोंच्या बरोबर मध्ये पाहावे. पूर्ण ३६० अंशांची फेरी प्रत्येक वेळी घ्यावी, कारण डोंगरावरून परतलेला सिग्नल कित्येकदा खऱ्यापेक्षा दुबळा नसतोच.

फॉक्सचे पोलरायझेशन, म्हणजे त्याची लहर उभी की आडवी, हे आधी ओळखावे. एलिमेंट उभी आणि आडवी धरून पाहावे. ज्यात सिग्नल जास्त ते खरे. उलट धरल्यास २० डेसिबलपर्यंत नुकसान होतेच, शिवाय मूळ सिग्नल दबतो आणि आदळून पोलरायझेशन बदललेले परावर्तित सिग्नल वरचढ होतात. दिशा चुकते ती यामुळे. लपवणारे मुद्दाम अँटेना तिरपी ठेवतात. तेव्हा आपणही ४५ अंशांत धरून पाहायला लाजू नये.

पिशवीत मावणारी अँटेना हवी असेल तर दोन एलिमेंटची एचबी ९ सीव्ही. तिच्यात दोन्ही एलिमेंटना सिग्नल दिला जातो आणि अंतर फक्त तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाचे, दोन मीटरला सुमारे २६ सेंमी. पुढचे-मागचे गुणोत्तर चांगले मिळते. मात्र दोन्ही एलिमेंट जोडणाऱ्या फेजिंगच्या तारेचे अंतर आणि ट्रिमर (बारीक जुळवणीचा कपॅसिटर) जमवायला हात बसलेला लागतो. पहिली अँटेना म्हणून टेपेचीच करावी.

आता मुख्य मुद्दा, सिग्नल कमी करण्याचा. पायऱ्यांचा अटेन्युएटर, म्हणजे स्विचने टप्प्याटप्प्याने सिग्नल कमी करणारे उपकरण, जाणत्यांना माहीत आहे. ग्रीक π (पाय) अक्षराच्या आकाराच्या जोडणीत २० डेसिबलच्या एका खणाला दोन्ही टोकांकडून ग्राउंडला, म्हणजे केबलच्या जाळीला, ६२ ओहम आणि मध्ये २४० ओहम. १० डेसिबलला १०० आणि ६८. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल फिल्मचे, तारेचे कधीही नाहीत, कारण त्यांची गुंडाळी कॉइलसारखी वागते. एका खणातून २० डेसिबलपेक्षा जास्त मागू नये; स्विचच्या पत्र्यांमधल्या कपॅसिटन्समधूनच सिग्नल पलीकडे उडी मारतो. दोन खणांच्या मध्ये धातूचा पडदा हवा. १० चा एक आणि २० चे तीन खण केले तर कागदावर ७० डेसिबल होतात. कागदावर म्हणण्याचे कारण हँडीचे प्लॅस्टिकचे खोके. फॉक्स शंभर मीटरवर आला की सिग्नल अँटेनाची वाटच पाहत नाही, थेट खोक्यातून आत शिरतो. खूण अशी की अटेन्युएटर पूर्ण लावला, अँटेनाची केबल उपटली, तरी मीटर तसाच. हँडी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून थोडे निभावते, पण फॉइल केबलच्या जाळीला घट्ट भिडलेली असेल तरच.

यावरचा खरा तोडगा ऑफसेट अटेन्युएटर. ४ मेगाहर्ट्झचा तयार क्रिस्टल ऑसिलेटर, १एन४१४८ हा एक साधा डायोड, १ किलो-ओहमचा पोटेंशिओमीटर, ५ व्होल्टचा ७८एल०५ रेग्युलेटर आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर तो होतो. अँटेनाचा सिग्नल आणि ऑसिलेटरचा सिग्नल डायोडमध्ये मिसळतात आणि मूळच्या ४ मेगाहर्ट्झ वर व खाली नवे सिग्नल तयार होतात. फॉक्स १४५.३०० वर असेल तर हँडी १४९.३०० वर किंवा १४१.३०० वर लावायची. पोटेंशिओमीटरने ऑसिलेटरची मात्रा कमी केली की मिसळणे कमी होते आणि नवा सिग्नल हवा तितका क्षीण करता येतो, साधारण १०० डेसिबलपर्यंत. खोक्यातून थेट शिरणारा सिग्नल मूळ १४५.३०० वरच राहतो आणि हँडीचे कान आता तिकडे नसतात. पत्र्याची डबी, दोन्ही बाजूंना बीएनसी कनेक्टर, झाले. मात्र हँडी हॅम बँडबाहेर ऐकू शकणारी हवी, हे आधी पाहून घ्यावे.

यातही लोक फसतात. उत्साहात फ्रिक्वेन्सी पुन्हा १४५.३०० वर आणली जाते आणि मग 'अटेन्युएटर बिघडला' अशी ओरड होते. बॅटरी संपली की सिग्नल नाहीसा होतो आणि फॉक्स बंद पडला असे वाटते. डबीवर दिवा लावून ठेवावा. आणि कुठलाही अटेन्युएटर मध्ये असताना चुकून ट्रान्समिट झाले तर पाव वॉटचे रेझिस्टर किंवा तो डायोड क्षणात जळतो. शोध सुरू करण्याआधीच मेनूतून ट्रान्समिट बंद करावे.

डबी नसेल तर जवळ आल्यावर निभावण्याच्या युक्त्या आहेत. फ्रिक्वेन्सी ५, १०, १५ किलोहर्ट्झने बाजूला सरकवावी. रिसीव्हरचा फिल्टरच अटेन्युएटर होतो. किंवा फॉक्सच्या तिसऱ्या हार्मोनिकवर जावे: १४५.३०० च्या तिपटीवर, ४३५.९०० वर. ट्रान्समीटरमधले फिल्टर हार्मोनिक बरेच दाबून टाकतात, म्हणूनच तो फक्त जवळून ऐकू येतो आणि शेवटच्या टप्प्यात कामाला येतो. अँटेना काढून हँडी छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरावे. सिग्नल सर्वांत कमी झाला की फॉक्स पाठीमागे, कारण मध्ये आपले शरीर आलेले असते. दिशा मात्र ढोबळच मिळते.

धातूच्या नळीची युक्ती लोकांना जादू वाटते. तळ बंद असलेली ॲल्युमिनियमची नळी घ्यावी आणि हँडी दोरीने तिच्यात सोडावी. नळीचा व्यास तरंगलांबीच्या मानाने फार लहान असला की लहर आत शिरू शकत नाही, नुसती विरत जाते: सर्वांत कमी विरणाऱ्या प्रकारासाठीसुद्धा व्यासाइतक्या प्रत्येक खोलीला ३२ डेसिबल. म्हणजे ८ सेंमी व्यासाच्या नळीत अँटेनाचे टोक तोंडापासून १६ सेंमी खाली गेले की ६४ डेसिबल. किती खोलीवर सिग्नल तुटतो हे दोरीवरच्या गाठींनी मोजता येते. आवाज नळीतूनच ऐकायचा. इअरफोनची वायर बाहेर काढली की तीच वायर सिग्नल आत नेते आणि सगळे मुसळ केरात.

सिग्नलची ताकद अजिबात न पाहता दिशा काढण्याची पद्धत म्हणजे दोन अँटेनांची टीडीओए, म्हणजे दोन्हींपर्यंत सिग्नल पोहोचण्याच्या वेळेतला फरक पाहणे. एका आडव्या दांडीवर सुमारे ४५-५० सेंमी अंतराने दोन उभे डायपोल. ५५५ या टायमर चिपने सेकंदाला ५०० ते १००० वेळा आलटून पालटून डायोडच्या साह्याने रिसीव्हरला जोडायचे. दोन्ही डायपोल फॉक्सपासून सारख्या अंतरावर नसतील तर दर बदलाला फेज उडी मारते आणि एफएम रिसीव्हरमध्ये त्याच पट्टीतला सूर ऐकू येतो. दांडी फॉक्सच्या दिशेला काटकोनात आली की सूर गायब. हा नल काही अंशांइतका टोकदार असतो. इथे एफएमचा लिमिटर चक्क मदतीला येतो: सिग्नल कितीही जोरात असला तरी रिसीव्हर कोलमडेपर्यंत नल टिकतो, अटेन्युएटर लागत नाही. डायपोलमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे १०३ सेंमीपेक्षा, कमीच ठेवावे, नाहीतर खोटे नल निर्माण होतात. दोन्ही केबल एकाच मापाच्या हव्यात. तपासणी सोपी: नल सापडला की दांडी उलटी करून डावा डायपोल उजवीकडे आणावा. नल त्याच रेषेवर आला तर ठीक. सरकला तर दोन बाजू सारख्या नाहीत आणि खरी दिशा दोहोंच्या मध्ये आहे. फॉक्स पुढे की मागे, हे मात्र ही पद्धत सांगत नाही. त्यासाठी बाजूला शे-दोनशे मीटर जाऊन दुसरी रेषा घ्यावी, किंवा छातीची युक्ती करावी. आणि फॉक्स स्वतः सूर वाजवत असेल तर ५५५ ची पट्टी त्याहून स्पष्ट वेगळी ठेवावी.

मोटारीच्या टपावर चार अँटेना आणि दिव्यांचे वर्तुळ असलेला डॉप्लर दिशादर्शक लेखात फार रंगवून सांगितला आहे. तो दिमाखदार दिसतो हे खरे, आणि धावत्या गाडीत क्षणात दिशा देतो हेही खरे. पण इमारतींच्या गर्दीत त्याचे दिवे वेड्यासारखे फिरतात, क्षीण सिग्नल त्याला पकडता येत नाही आणि आडव्या पोलरायझेशनपुढे तो हतबल होतो. शिवाय गाडी सोडून पायी निघायची वेळ आली की तो गाडीतच राहतो. फॉक्स तर नेहमी पायीच सापडतो. गाडीतून शोधताना चालवणारा एक आणि मीटर पाहणारा दुसरा, यात तडजोड नको.

८० मीटर बँडवर, ३.५ मेगाहर्ट्झला, सगळे शास्त्र बदलते. तरंगलांबी ८५ मीटरच्या घरात असल्याने यागी अशक्य. लहान लूप किंवा फेराइट रॉड वापरतात. लूपला आठाच्या आकड्यासारखा पॅटर्न असतो: लूपच्या पातळीच्या दिशेने सर्वांत जास्त, तिच्या काटकोनात अतिशय टोकदार नल. नल दोन, म्हणून पुढे-मागे कळत नाही. त्यासाठी छोटी उभी सेन्स काडी, म्हणजे बाजू ठरवणारी दुसरी अँटेना, रेझिस्टरमधून जोडतात. मग पॅटर्न बदामाच्या आकाराचा होतो आणि एकच नल राहतो. इथे नवखे हमखास गोंधळतात, कारण हा नवा नल लूपच्या मूळ नलपासून ९० अंशांवर असतो आणि बोथट असतो. म्हणून सेन्सचे बटण दाबून फक्त बाजू ठरवावी, बटण सोडावे, लूप काटकोनात वळवावी आणि अचूक रेषा लूपच्या नलनेच घ्यावी. लूपचे दोन नल सारखे खोल नसतील किंवा बरोबर समोरासमोर नसतील तर लूप काडीसारखीही ऐकते आहे असे समजावे. तिला धातूच्या नळीचे कवच द्यावे, पण कवचाला वरच्या टोकाला फट हवीच. अखंड कवच हे शॉर्ट झालेल्या वेढ्यासारखे वागते आणि लूप पूर्ण मुकी होते. ८० मीटरचा सिग्नल डोंगर, झाडे, घरे यांना फारसा बिचकत नाही, म्हणून शिकायला हाच बँड सोपा. त्याचे वैर तारांशी: कुंपणाच्या आणि विजेच्या तारांजवळ घेतलेली दिशा बहुतेकदा तारेचीच असते.

नकाशावरच्या कामात दोन गोष्टी. स्टीलच्या टेपेची अँटेना होकायंत्राची सुई ओढते, फोनमधले होकायंत्रही त्याला अपवाद नाही. होकायंत्र अँटेनाला चिकटवू नये; बूमच्या रेषेत दूरची खूण, झाड किंवा मनोरा, हेरावी, अँटेना खाली ठेवून चार पावले दूर व्हावे आणि त्या खुणेचा कोन घ्यावा. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला त्या ठिकाणचा फरक वजा-अधिक करायला विसरू नये. दुसरे, ५ अंशांची चूक १ किलोमीटरवर ८७ मीटर होते, ५ किलोमीटरवर ४३७ मीटर. म्हणून रेषा नव्हे, पट्टा काढावा. पहिली दिशा मिळाली की सरळ तिकडे पळत सुटण्यापेक्षा तिला काटकोनात सरकून दुसरी घ्यावी. ९० अंशांच्या आसपास छेदणाऱ्या दोन रेषा, एकाच बाजूने घेतलेल्या पाच रेषांपेक्षा जास्त सांगतात.

एखादी रेषा इतरांशी जुळत नसेल तर सगळ्यांची सरासरी काढू नये. सरासरीने चूक वाटली जाते, जात नाही. ती रेषा कुठे घेतली ते पाहावे. उंच, मोकळ्या जागेवर घेतलेली दिशा विश्वासाची. इमारतीच्या कोपऱ्यावर, लोखंडी फाटकापाशी, दरीत घेतलेली संशयाची. परावर्तित आणि थेट लहर एकमेकांवर आल्या की दर १०३ सेंमीला, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीला, सिग्नलचे चढउतार होतात. उभ्या जागी एकच वाचन घेणारा नेमका खड्ड्यात उभा असू शकतो. पाच-सहा पावले चालत दिशा पुन्हा पुन्हा घ्यावी: हलली तर परावर्तन, टिकली तर थेट. लपवणाऱ्यांना हे ठाऊक असते आणि ते फॉक्सची यागी मुद्दाम एखाद्या कड्याकडे किंवा लोखंडी टाकीकडे रोखतात. मग सगळे शोधक त्या टाकीभोवती जमतात आणि फॉक्स त्यांच्या पाठीमागे गवतात असतो. इथेही अटेन्युएटरच सोडवतो: टाकीच्या जवळ जाऊनही सिग्नल अपेक्षेइतका वाढत नसेल तर तिथे काही नाही. अंतर निम्मे झाले की ६ डेसिबल वाढायलाच हवेत.

फॉक्स पाच मिनिटांत तीस सेकंदच बोलत असेल तर त्या तीस सेकंदांत चालू नये, मोजावे, शांततेत चालावे. प्रत्येक वाचन अटेन्युएटरच्या त्याच जागेवर घेऊन वेळेसह लिहावे, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

एआरडीएफ (हौशी रेडिओ दिशाशोधन) या क्रीडाप्रकाराविषयी लेखात ओझरता उल्लेख आहे, पण तो नुसता छंद नाही. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली पोलंडमध्ये झाली. जंगलात पाच ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने एकेक मिनिट बोलतात आणि मोर्समध्ये एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच, एमओ५ ही ओळख देतात. मोर्स न येणाऱ्यालाही ती ओळखता येते: पाच डॅशनंतर मोजायचे ते ठिपके, एकापासून पाचापर्यंत. दोन मीटरवर अँटेना आडव्या पोलरायझेशनच्या असतात, ८० मीटरवर उभ्या. धावता धावता एका मिनिटात दिशा घ्यायची असल्याने तिथे अटेन्युएटर रिसीव्हरमध्येच असतो आणि अंगठ्याने फिरवता येतो. स्पर्धा अनेकदा तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

लपवणाऱ्यांसाठी थोडके. फॉक्सला १० ते १०० मिलिवॉट पुरतात. तो परवानाधारकाच्या कॉलसाइनसह, सगळ्यांना जाता येईल अशा जागी आणि खणावे, चढावे लागणार नाही असा ठेवावा. खेळ चालू असताना हलवू नये. खोक्यावर संपर्काची चिठ्ठी लावावी. टिकटिकणारे बेवारस खोके पाहून घाबरण्यात लोकांची चूक नसते.

या कौशल्याचा उपयोग खेळापुरता नाही. अडकलेले माइकचे बटण, मुद्दाम केलेला व्यत्यय, नादुरुस्त उपकरणाचा गोंगाट हे सगळे याच मार्गाने सापडते. विमानांचे आणि गिर्यारोहकांचे आधुनिक संकट-बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला कळवतात, पण जवळ आलेल्या शोधपथकासाठी १२१.५ मेगाहर्ट्झवर क्षीण सिग्नलही सोडतात. उपग्रहांनी १२१.५ ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवले. जमिनीवरून माग काढायला तो अजून उपयोगी आहे. त्यासाठी वरची टेपेची यागी १.२०६ पट करावी: रिफ्लेक्टर १२६.८, ड्रिव्हनचे तुकडे प्रत्येकी ५४.४, डायरेक्टर १०७.६, अंतरे २४.५ आणि ३८.४ सेंमी. सिग्नल एएम असतो, सूर सायरनसारखा सरकत जातो, त्यामुळे एएम ऐकणारा रिसीव्हर हवा. एएममध्ये आवाजाची कमीजास्त ताकद कानालाच कळते, मीटरकडे पाहावे लागत नाही. असा सिग्नल ऐकू आला तर आधी बचाव यंत्रणेला कळवावे, मग अँटेना हातात घ्यावी.

पत्र लांबले आहे, कात्री लावावी लागेल हे जाणतो. मापे मात्र छापताना मूळ पत्राशी ताडून पाहावीत, डायरेक्टरच्या ८९.२ चे ९८.२ झाले तर तो पुढे ओढण्याऐवजी मागे ढकलू लागेल आणि वाचक विरुद्ध दिशेला चालू लागतील.

आपला,
एक हौशी रेडिओचालक